दगडी भांडं घेताय? किमतीच्या पाटीवर नसलेला खर्च आधी मोजा

आमटी, सांबार, कोकमाचं सार, माशाचं कालवण यासाठी सोपस्टोनचं भांडं घ्यायचं तुमच्या मनात असेल, तर दोन आकडे आधी डोळ्यांसमोर ठेवा. शहरात किंवा ऑनलाइन लिटरभराच्या भांड्याची किंमत साधारण 900 ते 1,800 रुपये. आणि ते मुरवून, म्हणजे पेज-तेल पाजून, शेगडीवर चढवण्याजोगं व्हायला लागणारा वेळ दहा ते पंधरा दिवस. दुकानदार पहिला आकडा सांगतो. दुसरा विचारल्याशिवाय क्वचितच सांगतो. भांडं तडकतं ते इथेच घाई केल्यामुळे, आणि तडकलेलं दगडी भांडं सांधून मिळत नाही.

काय म्हणून मागाल

किराणा किंवा काष्ठौषधीच्या दुकानात ‘शंखजिरं’ किंवा ‘संगजिरं’ मागितलंत, तर पुडीत पांढरी मऊ भुकटी हातात येईल. ती याच जातीच्या दगडाची असते, पण तुम्हाला हवं ते भांडं नव्हे. भांड्यासाठी तमिळनाडूत ‘कल्चट्टी’ किंवा ‘माक्कल चट्टी’ म्हणा. केरळातही ‘कल्चट्टी’ चालतं. कर्नाटकात ‘बळपद कल्लु’चं भांडं मागा. हिंदी पट्ट्यात सेलखडी, गोरा पत्थर, घिया पत्थर ही नावं. शिंपी आणि फॅब्रिकेशनवाले ज्याला फ्रेंच चॉक म्हणतात, तेही हेच. मूर्तीच्या दुकानात नुसतं ‘सोपस्टोन’ म्हटलं तरी पुरतं.

ऑनलाइन शोधताना मात्र सांभाळा. ‘स्टोन’ लिहिलं की समोर येणाऱ्या निम्म्याअधिक वस्तू ‘स्टोन कोटेड’ किंवा ‘ग्रॅनाइट फिनिश’ असतात. ते ॲल्युमिनियमचं नॉनस्टिक भांडं, वर ठिपक्यांचा लेप. दगडाशी त्याचा संबंध नाही. वजनाचा रकाना पाहा. दीड-दोन लिटरचं भांडं एक किलोच्या आत असेल तर तो दगड नाही. खऱ्या दगडाचं लिटरभराचं भांडंसुद्धा दोन ते तीन किलोंच्या घरात जातं.

किती पैसे, कुठे

सगळ्यात स्वस्त ते दक्षिणेत. रामेश्वर-मदुराई-कन्याकुमारीची यात्रा ठरलेली असेल तर भांडं तिथूनच आणा. मदुराई, कुंभकोणम, सेलम, चेन्नईतलं मैलापूर, इथे देवळांच्या आसपासच्या गल्ल्यांत भांड्यांची दुकानं आहेत. लिटरभराच्या साध्या, न मुरवलेल्या भांड्याला 400 ते 800 रुपये हा तिथला रास्त भाव समजा. घासाघीस चालते. मुंबईत माटुंगा पूर्वेच्या दक्षिण भारतीय बाजारात चौकशी करा, पुण्यात रास्ता पेठेच्या बाजूला. शहरात किंवा ऑनलाइन घेतलंत तर लिटरभराला 900 ते 1,800, दोन ते तीन लिटरला 1,800 ते 3,500. सात खळ्यांचं आप्पेपात्र 900 ते 1,800, डोशाचा तवा 700 ते 1,500. हे भाव दुकानागणिक हलतात. घासाघीस कुठून सुरू करायची आणि कुठे थांबायचं, एवढ्यापुरते ते धरा.

पहिल्यांदाच घेत असाल तर दीड लिटरच्या वर जाऊ नका. तीन लिटरचं भांडं भरल्यावर आठ-नऊ किलोंचं होतं. ते दोन्ही हातांनी ओट्यावरून उचलून मोरीत नेणं रोज जमेल का, हे ज्याला उचलायचं आहे त्यालाच विचारा.

पाटीवर नसलेले खर्च असे. झाकण बहुतेक वेळा वेगळं: 250 ते 600 रुपये. ते घेऊ नका, घरातली स्टीलची ताटली चालते. ‘प्री-सीझन्ड’ म्हणजे आधीच मुरवलेलं असेल तर 200 ते 500 रुपये जास्त. कुरिअर वजनावर लागतं आणि खोक्यात भुसा-फोम भरला की वजन आणखी वाढतं, तेव्हा 150 ते 400 रुपये धरा. ‘फ्री डिलिव्हरी’ लिहिलं असेल तर तेच भांडं दुसऱ्या दोन ठिकाणी पाहा, कुरिअर किमतीत मिळवलेलं असतं. कॅश ऑन डिलिव्हरीचे 50-100 वेगळे. परत पाठवायची वेळ आली तर परतीचं कुरिअर कोणाच्या खिशातून, हे ऑर्डर देण्याआधी वाचा.

विमानाने आणत असाल तर देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर हातातल्या सामानाची मर्यादा बहुधा 7 किलो आणि चेक-इनची 15 किलो असते. चेक-इनमध्ये टाकलेलं भांडं कपड्यांत गुंडाळलेलं असलं तरी फुटू शकतं. एकच भांडं असेल तर हातातल्या सामानात आणणं बरं, पण वजन घरून निघतानाच करून घ्या. जादा किलोचे पैसे भांड्याच्या किमतीपुढे जातात. रेल्वेने आणलंत तर हा प्रश्नच नाही.

आता आरोग्याच्या दाव्यांबद्दल स्पष्ट बोलतो, कारण त्यांच्या नावावर किंमत दुप्पट होताना मी पाहतो. सोपस्टोन म्हणजे मुख्यतः मॅग्नेशियमचं सिलिकेट. ते आंबटाशी रासायनिक क्रिया करत नाही, म्हणूनच चिंचेची आमटी आणि ताक त्यात बिनधास्त राहतं. हा खरा गुण. पण तोच विक्रेता पुढच्या वाक्यात ‘यातून जेवणाला कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळतं’ म्हणत असेल, तर दोन्ही एकत्र बसत नाहीत. जो दगड जेवणाला काही करत नाही, तो जेवणाला काही देतही नाही. औषधी गुणांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. दगडी भांड्याचा खरा फायदा उष्णता धरून ठेवण्यात आहे, आणि तो स्वस्तातल्या भांड्यातही तेवढाच मिळतो.

हातात घेतल्यावर तपासणी

भांडं उलटं करा आणि बुडाला नखाने जोरात रेघ ओढा. खरा सोपस्टोन असेल तर फिकट रेघ उमटते, नखाखाली पीठ येतं, आणि ते पीठ बोटांत चोळलं की साबणासारखं गुळगुळीत लागतं. दगड जरा टणक जातीचा असेल तर नखाऐवजी नाण्याची कड वापरा. नाण्यानेही ओरखडा येत नसेल तर तो दुसराच दगड आहे. दुकानदार बुडाला रेघ ओढू देत नसेल तर पुढचं दुकान बघा.

रंगावर जाऊ नका. नवा दगड राखाडी असतो. तेल पिऊन तो हळूहळू काळा होतो. दुकानातच कुळकुळीत काळं दिसणारं भांडं एकतर मुरवलेलं असतं किंवा रंगवलेलं. पांढरं फडकं कोमट पाण्यात भिजवून आतून घासा. फडक्याला तेलकट डाग लागला तर ठीक, काळा रंग उतरला तर सोडून द्या.

मग चिरा. मोबाईलचा टॉर्च भांड्याच्या आत धरा, बाहेरून कडेकडेने बघत फिरवा, मग उलट करा. काही ठिकाणी केसाएवढी चीर रेझिन किंवा सिमेंटने बुजवून वर तेल फासलेलं असतं. तिथे पोत बदलतो, नख घसरतं, पीठ निघत नाही. बोटाच्या पेराने भांडं वाजवा. सलग दगडाचा आवाज एकसारखा येतो, चिरलेल्याचा एका जागी बद्द होतो. घरी आणल्यावर पहिल्या रात्री पाणी भरून कोरड्या कागदावर ठेवा. सकाळी कागद ओला असेल तर त्याच दिवशी परत करा. तेल लावल्यावर कोणीही परत घेणार नाही.

ऑनलाइन मागवलं असेल तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्या, सील दिसेल असा. तडा गेलेलं आलं तर बरेच विक्रेते तो मागतात आणि 24 ते 48 तासांत मागतात.

मुरवणं: पैसे थोडे, दिवस बरेच

एकूण खर्च शे-दीडशे रुपयांच्या आत: थोडं तिळाचं तेल, हळद, आणि रोजच्या तांदळाचं धुवण. पहिल्या दिवशी भांडं वाहत्या पाण्यात, नारळाच्या काथ्याने, साबण न लावता धुवा. पॉलिश पेपरने कोरडं घासू नका. या दगडाची धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही. घासायचंच असेल तर ओलं करून घासा.

पुढचे पाच ते सात दिवस भांडं तांदळाच्या धुवणाने किंवा कोमट पेजेने काठोकाठ भरून ठेवा, रोज बदला. मग सावलीत पूर्ण सुकू द्या. पावसाळ्यात सुकायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून खरेदी शक्यतो दिवाळीनंतर किंवा उन्हाळ्यात करा. सुकल्यावर तिळाच्या तेलात हळद कालवून आतून-बाहेरून, बुडालाही, लेप लावा आणि दिवसभर ठेवा. दगड तेल पितो, सकाळी भांडं कोरडं दिसतं. पुन्हा लावा. तेल वर तसंच राहायला लागलं की थांबा. दोन-तीन दिवसांत होतं.

शेवटी आच. भांड्यात पेज भरा आणि सगळ्यात लहान बर्नरवर, सगळ्यात मंद आचेवर, अर्धा तास. विझवा, भांड्यातच थंड होऊ द्या. दुसऱ्या दिवशी तेच, आच जरा वाढवून. तिसऱ्या दिवशी पेज उकळू द्या. हे पार पडलं की साधं वरण करून बघा. फोडणी अजून नको. महिनाभर पातळ पदार्थ झाले की मग फोडणीही त्यात करता येते.

‘प्री-सीझन्ड’ घेतलंत तरी तेलाचा एक हात आणि मंद आचेचे दोन दिवस सोडू नका. दुकानातलं मुरवणं किती दिवसांचं होतं ते तुम्हाला दिसत नाही. माझ्या मते हे जादा पैसे नोकरी करणाऱ्या, घरी दिवसभर कोणी नसलेल्या माणसाने द्यावेत. बाकीच्यांनी वाचवावेत.

रोजच्या वापरात

इंडक्शनवर चालत नाही. घरात फक्त इंडक्शन असेल तर हे भांडं घेऊच नका. विक्रेत्याने सुचवलेली लोखंडी चकती खाली ठेवली तर वीज जास्त जाते आणि बूड एकाच जागी तापतं. गॅसवर चालतं. भांडं तापायला स्टीलपेक्षा बराच वेळ लागतो, म्हणून सुरुवातीला गॅस जास्त जळतो. तो वसूल करायचा उपाय एकच: आमटी शिजत आली की, पूर्ण होण्याआधीच, बंद करा. गॅस विझल्यावरही भांड्यात ती कितीतरी वेळ रटरटत राहते. शेवटपर्यंत गॅस चालू ठेवणाऱ्याला बिल जास्त येणार आणि पिठलं तळाला लागणार.

रिकामं भांडं मोठ्या आचेवर नाही. तापलेल्या भांड्यात गार पाणी नाही. फ्रीजमधून थेट गॅसवर नाही. तापलेलं भांडं ओल्या ओट्यावर नाही, खाली चुंबळ किंवा लाकडी पाट ठेवा. डाव लाकडी वापरा. धुताना बेसन किंवा तांदळाचं पीठ आणि काथ्या पुरे. द्रव साबणाचा वास दगडात शिरतो आणि दुसऱ्या दिवशीच्या साराला येतो. घरी भांडी घासायला मावशी येत असतील तर हे भांडं त्यांच्या ढिगात ठेवू नका, स्वतः धुवा. स्टीलच्या पातेल्याखाली दगड दाबला गेला तर दोष त्यांचा नसतो आणि भांडं मात्र जातं.

चीर गेलीच तर आच बंद. पण टाकू नका: मीठ, चिंच, सुकं लोणचं ठेवायला ते उत्तम.

मूर्ती आणि ताजमहाल

आग्र्याला फिरायला गेलेल्यांना ‘संगमरवरी’ म्हणून विकला जाणारा छोटा ताजमहाल पुष्कळदा सोपस्टोनचा असतो. तपासणी तीच. तळाशी नख ओढा. संगमरवरावर नखाने काही होत नाही, सोपस्टोनवर रेघ येते. विक्रेता आतून दिवा लावून ‘बघा, उजेड पार जातो’ असं दाखवतो. त्यावरून निकाल देऊ नका. सोपस्टोनच्या वस्तूत वाईट काही नाही, कोरीवकाम सुरेख असतं. फक्त संगमरवराचा भाव देऊ नका. तळहाताएवढ्या वस्तूला हजार सांगितले तर 200-300 पासून बोलायला सुरुवात करा.

मूर्ती घेत असाल तर एकच प्रश्न स्वतःला विचारा: रोज अभिषेक करणार आहात का? असाल तर सोपस्टोन नको. दगड मऊ आहे. रोजचं पाणी, गंध, पुसण्याचं फडकं यांनी नाक-डोळ्यांची धार काही वर्षांत बोथट होते. त्यासाठी टणक काळा दगड किंवा पितळ घ्या. शोभेसाठी, दिवाणखान्यासाठी, सोपस्टोन छान. ओडिशात भुवनेश्वर-पुरी-कोणार्क पट्ट्यात, उत्तर प्रदेशात महोब्याला गोरा पत्थरावरचं काम कारागिरांकडून थेट घेता येतं. बिलावर ‘सोपस्टोन’ असंच लिहून घ्या. ‘स्टोन आयडॉल’ एवढंच लिहिलेलं बिल तक्रारीत उपयोगाचं नाही.

घरात आधीच आलेलं शंखजिरं

शिंप्याचा खडू, लोखंडावर खूण करायची कांडी, पंक्चरवाला ट्यूबला लावतो ती पांढरी भुकटी: या वस्तू पाच-दहा ते पन्नास रुपयांच्या, फसवणूक नाही. तीन जागी मात्र लक्ष द्या.

हिंग. त्यात सोपस्टोनची किंवा मातीची भेसळ होते आणि हिंगाच्या भावात तुम्ही दगड विकत घेता. चिमूटभर हिंग पेलाभर पाण्यात घालून ढवळा आणि स्थिर ठेवा. तळाशी खरखरीत, मातकट गाळ बसला तर भेसळ. बांधणीच्या हिंगात पीठ असतं, त्यामुळे थोडा गढूळपणा दिसणारच. बोटाला कचकच लागते का ते पाहा. शंका पक्की असेल तर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 प्रमाणे तुम्ही स्वतः नमुना अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता. त्याचं शुल्क भरावं लागतं, आणि तपासणीचा इरादा खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावा लागतो. अहवालात दोष निघाला तर शुल्क परत मिळतं.

पाटीवरची पेन्सिल. ती खाण्यासाठी म्हणून ऑनलाइन पाकिटांत विकली जाते. विकत घेऊ नका. मुलाला किंवा गरोदर बाईला पेन्सिल, माती, खडू खावासा वाटत असेल तर त्यामागे पुष्कळदा लोहाची कमतरता असते. त्या पाकिटाच्या पैशात सरकारी दवाखान्यात जायचं भाडं निघतं. तिथे हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि औषध सुरू करा. खाणाऱ्याला रागावू नका, लपवून खाणं वाढतं.

अंगाची पावडर. डब्यावर घटकांत ‘टाल्क’ असेल तर ती याच दगडाची. काही खाणींतल्या टाल्कमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2024 मध्ये टाल्कला माणसात कर्करोग घडवण्याची दाट शक्यता असलेल्या पदार्थांच्या गटात ठेवलं. बाळाला तर कोणतीच पावडर लागत नाही, कोरडं मऊ कापड पुरतं. ‘टाल्क-फ्री’ महाग डबा घेण्याआधी हा फुकटचा पर्याय लक्षात ठेवा. रांगोळीचीही अशीच बारीक धूळ उडते, म्हणून ती चाळताना, छाप्यांसाठी बारीक करताना नाकाला रुमाल बांधा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

फसलात तर

ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं, हे 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. आधी त्यालाच लेखी लिहा, फोनवर बोलून भागवू नका. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. कॉल मोफत, मराठीत बोलता येतं. जवळ ठेवायचं: बिल किंवा ऑर्डरचा स्क्रीनशॉट, विक्रीच्या पानावरचं वर्णन (ते नंतर बदललं जातं, म्हणून ऑर्डरच्या दिवशीच जपून ठेवा), खोकं उघडल्याचा व्हिडिओ, भांड्याचे फोटो. तिथेही जमलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची. हजार-दीड हजाराच्या भांड्यासाठी आयोगापर्यंत जायची वेळ सहसा येत नाही. 1915 वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक विक्रेत्याला ईमेलने कळवा आणि पैसे परत द्यायची तारीख लेखी मागा.